सहावा विभाग

पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू दुखावला की माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. कमरेखालचं त्याला काही कळत नसतं. एकाच जागी पडून राहिला तर कातडीवर दाब येऊन जखम होते, जखम झाली की व्हीलचेअरवर बसता येत नाही, आणि बसता आलं नाही की पुढचं सगळं पुनर्वसन गादीवरच आडवं पडतं. हे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. आमच्या समन्वित पुनर्वसन व संशोधन केंद्रालाही ते तत्त्वतः मान्य आहे. आमच्याकडे मतभेद होता तो एवढाच, की वळवायचं कोणी.

मी या केंद्राचा समन्वयक. याआधी सतरा वर्षं इथल्याच भांडारात होतो. भांडारात वस्तू कमी आणि मागण्या जास्त असतात, त्यामुळे समन्वयाचा पाया माझा तिथेच पक्का झाला. लोक मागे म्हणतात, याला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही. बरोबर आहे. म्हणून तर मी कुठल्याच विभागाची बाजू घेत नाही. कळणारा माणूस या खुर्चीत बसवला असता तर त्याने परस्पर कामच करून टाकलं असतं.

पूर्वी, म्हणजे समन्वय सुरू होण्याआधी, या वॉर्डात अगदी रानटी कारभार होता. मोठ्या सिस्टर यायच्या, सोबत एक आया असायची, 'चला काका, आता भिंतीकडे तोंड' म्हणायच्या आणि माणूस वळवून निघून जायच्या. ना चर्चा, ना नोंद. मग संशोधनासाठी निधी आला, निधीमागून संचालक आले, आणि वळवण्याच्या क्रियेचा प्रथमच शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. तेव्हा उघडकीस आलं की हे काम एकट्या सिस्टरांचं नाहीच. सांधे हलतात, म्हणून ते फिजिओंचं. उशा लावाव्या लागतात, म्हणून साधन विभागाचं. कातडी तपासायची, म्हणून त्वचा कक्षाचं. आणि वळताना माणसाच्या मनाला काय वाटतं ते समुपदेशनाचं. सिस्टर धरून पाच विभाग झाले. या पाच विभागांनी मिळून करायच्या क्रियेला आम्ही 'कृती क्रमांक अडतीस' असं नाव दिलं आणि कोणीही एकट्याने रुग्णाला वळवू नये, असं परिपत्रक मी स्वतःच्या सहीने काढलं. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक चार्ट लावला. त्यावर दिवसाच्या बारा वेळा, आणि प्रत्येक वेळेसमोर पाच सह्यांच्या पाच चौकटी.

सुरुवातीला थोडा गोंधळ झाला, नाही म्हणत नाही. पाच जण एकाच वेळी एका खाटेशी जमेनात. फिजिओ आले तर उशीवाले जेवायला गेलेले, उशीवाले परत आले तर समुपदेशक दुसऱ्याच कोणाची समजूत घालत बसलेले. शेवटी मीच तोडगा काढला. माणसं जमत नसतील तर चार्ट फिरवावा. चार्ट पाचही विभागांतून सह्या घेऊन यायचा आणि पुन्हा खाटेला लागायचा. दिवसातून बारा वेळा तो तीन मजले चढायचा, तीन मजले उतरायचा. वॉर्डात त्याच्याइतकी हालचाल दुसऱ्या कोणाचीही नव्हती.

अशा ऐन बहरात पेंटर आमच्याकडे आला. पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा. आमच्याच फाटकावर केंद्राची नवी पाटी लिहिताना तो शिडीवरून पडला. 'समन्वित' लिहून झालं होतं, 'पुनर्वसन' अर्ध्यावर राहिलं. पडला तोही आमच्या पायरीवर, दारापासून अकरा पावलांवर. मी खिडकीतून पाहिलं आणि धावत पायरीपर्यंत गेलो. मीही माणूसच आहे. पण आमच्याकडे येणारा रुग्ण दुसऱ्या रुग्णालयाने चिठ्ठी देऊन पाठवलेला असावा लागतो. म्हणून त्याला गाडीत घालून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवलं. तिथे पाठीत सळ्या घातल्या, आणि एकोणिसाव्या दिवशी तो रीतसर चिठ्ठी घेऊन त्याच पायरीवरून आत आला. हात शाबूत होते. कमरेखाली काही उरलं नव्हतं.

माणूस मोठा गमत्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "साहेब, मजुरीत कापून घ्या, पण पाटी दुसऱ्या कोणाकडून पुरी करून घेऊ नका. अक्षर जुळणार नाही."

"आधी बरे व्हा," मी म्हणालो.

"बरं काय व्हायचंय? चालता येणार नाही ते डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय, आणि मी ते गिळलंय. मला फक्त सलग चार तास बसायचंय. टेबलाशी बसून दारावरच्या नावांच्या पाट्या करता येतात. एक दुकानदार थांबलाय माझ्यासाठी, वर्षअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय. चार तास बूड टेकलं की मी पुन्हा कामाचा माणूस."

एवढंच मागणं होतं त्याचं. मी ते 'रुग्णाच्या अपेक्षा' या सदरात नोंदवलं आणि पाचही विभागांना प्रती पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. तिचं इस्त्रीचं दुकान. आल्याआल्या आठवड्यात तिला सगळा वॉर्ड वहिनी म्हणू लागला, मीही म्हणू लागलो. खाटेशी उभं राहून तिने पेंटरकडे पाहिलंच नाही. चादरीवरून तळवा फिरवला आणि त्याच्या पाठीखाली हात सारला.

"ही चादर कोणी घातली?"

"का हो?"

"खाली सुरकुती आहे. माझ्या बोटाला लागतेय, ह्यांच्या पाठीला लागत नाही. मग ह्यांना कळणार कसं?" आणि तिने चारी टोकं ओढून चादर अशी ताठ केली की बघत राहावं. मग पेंटरला म्हणाली, "अहो, चला, इकडे या," आणि खांद्याला व कमरेला धरून, सळ्यांना धक्का न लावता, त्याला वळवूनही टाकलं. आमच्या सिस्टरनीच तिला ते त्याच सकाळी जिन्यात शिकवलं होतं, हे मला नंतर कळलं.

मी परिपत्रक दाखवलं. तिने ते वाचलं, सगळं वाचलं. मग म्हणाली, "साहेब, तुमच्या सह्या जमेपर्यंत मी एकदा वळवून घेते. सह्या आल्या की पुन्हा वळवू." याला उत्तर देणारं कलम माझ्यापाशी नव्हतं.

तुम्ही म्हणाल, पेंटरचे हात चांगले होते तर त्याने स्वतः वळायला का शिकू नये? शिकावं ना. पण ती कृती क्रमांक एकोणचाळीस. अडतीस समाधानकारक पूर्ण झाल्याचा दाखला पाचही विभागांनी दिल्याशिवाय एकोणचाळीस सुरू होत नाही.

दुकान जाऊबाईवर टाकून वहिनी खाटेशी बसू लागली. दर दोन तासांनी वळवायची, चादर ओढायची, लांब दांडीचा आरसा धरून त्याची त्यालाच पाठ दाखवायची. 'बघा, इथे जरा लाल आहे. आज या कुशीवर नाही झोपायचं.' अडीच महिन्यांत पेंटर व्हीलचेअरवर एक तास चाळीस मिनिटं बसू लागला. दुकानदार येऊन टेबलाची उंची मोजून गेला. त्या दिवशी पेंटरने सगळ्या वॉर्डाला चहा पाजला आणि मलाही एक कप दिला.

वॉर्डात एकूण तीस खाटा होत्या, आणि इतर ठिकाणांच्या मानाने आमच्याकडे जखमा पुष्कळच कमी. संचालकांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. 'समन्वयाचे फलित' असा शोधनिबंध त्यांनी तयार केला. पण नियतकालिकवाल्यांनी खोडा घातला: आकडे बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या म्हणाले. तेव्हा एक संख्याशास्त्रज्ञ आला. किडकिडीत, हळू बोलणारा, सारखा चष्मा पुसणारा. आम्ही त्याला आकडेवाला म्हणायचो. आठ दिवस तो वॉर्डात एका स्टुलावर नुसता बसून राहिला. मी म्हटलं, निरुपद्रवी दिसतो. माणूस ओळखण्यात मी सहसा चुकत नाही, पण इथे चुकलो.

सोमवारच्या बैठकीत त्याने कागद काढला. "तीस रुग्ण आहेत. अठरा जणांना एकही जखम नाही. बारा जणांना आहे."

"अठरा!" संचालक म्हणाले. "टाळ्या झाल्या पाहिजेत." झाल्या.

"चार्ट मात्र तिसांचेही सारखेच आहेत," आकडेवाला म्हणाला. "शंभर टक्के भरलेले. जखमा असलेल्यांचेसुद्धा. गेल्या बुधवारी आगीची रंगीत तालीम होती, सगळे कर्मचारी दोन तास बाहेर मैदानात उभे होते. त्या वेळेच्याही पाचपाच सह्या आहेत."

"याला म्हणतात कर्तव्यनिष्ठा."

"मग फरक कशाने पडतो ते पाहिलं. त्या अठरा जणांपाशी कोणी ना कोणी बसलेलं असतं. बायको, आई, बहीण, एकाची सून. बारा जणांपाशी कोणी नसतं. तुमच्या संशोधनात हा घटक धरलेलाच नाही."

"कुठला घटक?" संचालकांनी विचारलं.

आकडेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वहिनी," तो म्हणाला.

समुपदेशन विभागाच्या प्रमुख बाईंनी पाणी मागितलं. संचालकांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि आमचा समन्वय?"

"त्याचा परिणाम मोजण्याइतका दिसत नाही."

मला इतकं लागलं म्हणून सांगू! तीन वर्षं जिने झिजवले होते त्या चार्टांनी. पण संचालक म्हणजे काही लेचापेचा माणूस नव्हे. दोन मिनिटं छताकडे पाहून त्यांनी निर्णय दिला. "वॉर्डात एक अनियंत्रित घटक शिरलेला आहे. त्यामुळे आपला समन्वय झाकला जातोय. घटक बाहेर काढा. सहा आठवडे वॉर्ड शुद्ध ठेवा, मग मोजू."

"अहो, माणसं सडतील!" मोठ्या सिस्टर जागेवरून ओरडल्या. इतिवृत्तात मी 'मोठ्या सिस्टरांनी वॉर्डातील तापमानाबाबत शंका व्यक्त केली' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून नातेवाइकांना दुपारी चार ते पाच भेट. प्रत्येक खाटेभोवती हातभर अंतरावर जमिनीवर पिवळी रेघ मारली आणि रेघेच्या आत यायला मनाई केली. पेंटर मान वळवून रेघ पाहत म्हणाला, "कोणी मारली हो ही? वाकडी आहे."

वहिनी मात्र हसली नाही. "शुद्ध म्हणजे काय साहेब? मी काय घाण आहे?"

"मनाला लावून घेऊ नका. संख्याशास्त्राच्या अर्थाने."

"आणि ह्यांना वळवणार कोण?"

"पाच विभाग."

"पाच म्हणजे कोण? एकाचं तरी तोंड दाखवा मला."

मी तिला चार्ट दाखवला. तिने सह्या पाहिल्या, आणि ती रेघेबाहेरच्या खुर्चीवर बसली.

नवव्या दिवशी चार वाजून पाच मिनिटांनी तिची हाक आली. मी समोरच्या खाटेशी होतो.

"साहेब! सुरकुती पडलीय. उजव्या कुशीखाली. मला इथून दिसतेय."

"अगं, राहू दे," पेंटर म्हणाला.

"काय राहू दे! बोटाएवढी जाड आहे अहो. साहेब, एक पाऊल आत येते, ओढते आणि बाहेर जाते. ह्यांना हातसुद्धा लावत नाही. चादरीला लावते."

मी आडमुठा माणूस नाही. नियमावली काढून पाहिली. चादर ही 'रुग्णाच्या संपर्कातील साधन' या व्याख्येत बसत होती. माझा नाइलाज झाला. "लेखी द्या," मी म्हणालो. तिने गुडघ्यावर कागद ठेवून चार ओळी लिहिल्या, आणि मी तो अर्ज त्याच दिवशी पुढे पाठवला. कोणाचा कागद दाबून ठेवायची सवय मला नाही.

उत्तरंही भराभर आली. धुलाई कक्षाने कळवलं की चादर त्यांच्याकडून निघाली तेव्हा तिला सुरकुती नव्हती, सबब ती वॉर्डात उत्पन्न झाली. सिस्टर विभागाच्या कार्यालयाने कळवलं की रुग्ण हालचाल करत नसल्याने सुरकुती पडते. फिजिओंनी कळवलं की हालचाल न करणं हे सदर आजाराचं लक्षणच असून त्याची नोंद घेण्यात आली आहे. साधन विभाग म्हणाला, सुरकुती हे साधन नव्हे. समुपदेशक मात्र जातीने आले. त्यांनी पेंटरला विचारलं, "सुरकुतीबद्दल तुम्हाला नेमकं काय जाणवतं?" पेंटर म्हणाला, "मला ती जाणवतच नाही हो, तीच तर रड आहे." त्यांनी फॉर्मवर 'समाधानी' या शब्दापुढे खूण केली आणि गेले.

मोठ्या सिस्टर त्या सहा आठवड्यांत डोळा चुकवून किती खाटांशी जाऊन आल्या कोण जाणे. पण त्या एकट्या, खाटा तीस, आणि मी पहाऱ्याला. मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला, हे आज सांगताना मला काही फार बरं वाटत नाही.

सहाव्या आठवड्यात पेंटरने त्या दांडीच्या आरशात स्वतःच पाहिलं. मान पिळवटून, हात मागे नेऊन, बराच वेळ पाहिलं. त्वचा कक्षाने आदल्या दिवशीच निदान केलेलं होतं: 'त्वचेचा स्थानिक रंगबदल'. चार्ट पूर्ण भरलेला असताना दाबाची जखम होणं शक्य नसल्यामुळे दुसरं काही लिहिता येत नव्हतं. मी ते त्याला समजावून सांगितलं.

"साहेब, रंगातलं तरी मला शिकवू नका," तो म्हणाला. "लाल असता तर गप्प बसलो असतो. कडेला जांभळा आहे, आणि आत काळा. असला रंग डब्यात दिसला तर मी डबा फेकून देतो." आरसा त्याने उशीखाली सारला. मग म्हणाला, "दुकानदाराला निरोप द्या. म्हणावं, थांबू नको."

जखम हाडापर्यंत गेली होती. शिवावी लागली. पुढचे तीन महिने पालथं झोपायचं, बसायचं नावही काढायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. हे मी फाइलला लावलेलं नाही, इथेच पहिल्यांदा सांगतोय.

मोजणी झाली. जखमा बारांवरून सव्वीसवर गेल्या होत्या. शोधनिबंध डोळ्यांदेखत बुडत होता आणि पाचही विभागप्रमुखांची पाचावर धारण बसली होती. अशा वेळी खरा नेता कळतो. संचालक उभे राहिले आणि म्हणाले, "चूक आपलीच झाली. आपण घटक बाहेर काढला. तो आत घ्यायला हवा होता. वहिनी समन्वयात नव्हत्या, हीच आपली उणीव. आजपासून वहिनी हा आपला सहावा विभाग."

बोलता बोलता ठराव झाला. रेघा पुसल्या. अठरा जणींना गळ्यात अडकवायची ओळखपत्रं मिळाली, चार्टवर सहावी चौकट आली. मानधनाचा विषय कोणीतरी काढला तेव्हा संचालकांना गहिवरून आलं. "मायेचं मोल आपण कोण करणार?" ते म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

सहाव्या विभागाचं सर्वांनी मोठ्या मनाने स्वागत केलं. फिजिओंनी सांधे हलवण्याचं काम त्याच्याकडे सोपवलं. साधन विभागाने उशा दिल्या. त्वचा कक्षाने आरसा दिला, जो मुळात वहिनीचाच होता. समुपदेशकांनी रुग्णाला आनंदी ठेवण्याची जबाबदारी लेखी कळवली. आता पाचही विभागांना संशोधनाला भरपूर सवड मिळू लागली आणि एका वर्षात सात निबंध झाले असते, इतका वेग आला.

अडचणी नव्हत्या असं नाही. विभाग म्हटला की सोमवारच्या बैठकीला हजेरी आली. सकाळी दहा ते बारा या वेळात अठराही जणी बैठकीत, त्यामुळे त्या दोन तासांत वॉर्डात वळवायला कोणीच नाही. त्या वेळेच्या सह्या आम्ही आधीच घेऊन ठेवायचो. दुसरा प्रश्न होता ज्यांना कोणीच नाही त्या बारा जणांचा. तो मीच सोडवला. शेजारच्या खाटा वाटून दिल्या. वहिनीच्या वाट्याला पेंटर, आणि त्याच्या अलीकडचा व पलीकडचा असे तीन आले. पलीकडचा चांगला शंभर किलोचा होता.

"तीन?" ती म्हणाली. दुकान पुन्हा सकाळचं उघडत होती, तिथून येऊन ती धापा टाकत उभी होती.

"शेजारधर्म," मी म्हणालो.

ती त्या पलीकडच्या, म्हणजे बाराव्या खाटेवरच्या माणसाकडे बघत राहिली. तो ओशाळून म्हणाला, "नको हो वहिनी, मी पडतो असाच." झालं, ती लागली कामाला. त्याने 'वळवा' म्हणून हुकूम सोडला असता तर ती निघून गेली असती, पण त्याने 'नको' म्हटल्यावर तिला जाता येईना.

दोन महिन्यांनी एका सोमवारी बैठकीची गणपूर्ती झाली नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, वहिनी बाराव्या खाटेशी वाकलेली ती सरळच होत नाहीये. कमरेतली चकती सरकली होती आणि एका पायात जीव राहिला नव्हता. आम्ही तिला पेंटरच्या व्हीलचेअरवर घातलं. नाहीतरी ती रिकामीच होती. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे सपाट झोपायचं, स्वतःहून हलायचं नाही, कोणीतरी हळूच कूस बदलून द्यायची. नियमात बसत नसताना मी स्वतःच्या जोखमीवर तिला पेंटरशेजारी एक जादा खाट घालून दिली. एवढं मी केलं.

मग मी दाखल करण्याचा फॉर्म घेऊन तिच्याशी बसलो. नवाच छापून आला होता. पहिली तीन कलमं पटापट झाली.

"वहिनी, चौथं कलम. सहाव्या विभागाचं नाव आणि नातं. कोणाचं घालू?"

ती छताकडे पाहत होती. "जाऊबाईंना दुकान आहे. त्यांना कसं सांगू?"

"बहीण?"

"तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. तिकडचा सहावा विभाग तीच."

"मग आणखी कोणी?"

तिने बराच विचार केला. खरंच मनापासून केला. मग म्हणाली, "इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं हो मला."

"माझं नाव घाला," पेंटर पलीकडून म्हणाला. तो पालथा होता, गाल उशीवर.

"तुमचे टाके आहेत."

"टाके खाली आहेत. हात वर आहेत. खाट जवळ ओढा."

"अहो, गप्प पडा," वहिनी म्हणाली. "टाके उसवले तर पुन्हा तीन महिने."

"तू मला किती वेळा वळवलंस गं?"

"मोजायला मी काय चार्ट आहे?"

दोघंही हसले. हसता हसता ती रडायला लागली, आणि हलायचं नसल्यामुळे तिला डोळेही पुसता येईनात. दोन तास होऊन गेले होते. मी पाचही विभागांना फोन केला. त्यांनी चार्ट पाठवा म्हणून सांगितलं. मला दोन हात आहेत, धडधाकट आहेत, आणि मी तिथून हातभरसुद्धा लांब नव्हतो. पण मी फॉर्म धरून बसलो होतो. शेवटी मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. 'सरका' म्हणाल्या आणि एकट्याने तिला अलगद कुशीवर केलं. पेंटरने हात लांबवून तिच्या चादरीचं टोक धरलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ताठ ओढलं. त्या दिवसाबद्दल सिस्टरांना ज्ञापन द्यावं लागलं. देताना मला वाईट वाटलं.

चौथ्या कलमात मी 'लागू नाही' लिहिलं. तिसऱ्या दिवशी फॉर्म परत आला. चौथं कलम भरणं बंधनकारक आहे, ते रिकामं असेल तर खाट देता येत नाही. आणि वहिनी गेली म्हणजे पेंटरचाही सहावा विभाग रिक्त झाला, त्यामुळे त्याचाही फॉर्म अपूर्ण ठरला. दोघांना एकाच गाडीतून घरी सोडलं, एक पालथा, एक उताणी. 'घरी परतलेले रुग्ण' हे आमच्या शास्त्रात यशाचं सर्वोच्च लक्षण मानतात. त्या तिमाहीत आमचं यश दोनाने वाढलं. निबंध छापून आला, संचालकांना मानपत्र मिळालं, आणि सहा विभागांची ही पद्धत आता सगळीकडे लागू करणार आहेत.

त्यासाठी फॉर्म आधीच भरून ठेवावा अशी मोहीम आम्ही सुरू केलीय. शिडीवरून काय, जिन्यावरून काय, माणूस कधी पडेल सांगता येत नाही. घरोघरी फॉर्म वाटले. जमलेले फॉर्म मीच तपासतो, आणि त्यात एक गंमत माझ्या लक्षात आली. पुरुष चौथं कलम उभ्याउभ्या भरतात. कोणाला विचारत नाहीत, पेन थांबतसुद्धा नाही. बायका तिथे थांबतात. पेन हातात धरून बसतात, मग 'घरी जाऊन आणून देते' म्हणतात, आणि तो फॉर्म काही परत येत नाही. मी स्वतःचा भरला तेव्हा बायको पलीकडच्याच खोलीत होती. हाक मारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता तुम्हीही इथवर वाचत आलात, म्हणजे चौथं कलम तुमचंही मनातल्या मनात भरून झालंच असणार. एकच विचारतो: ज्यांचं नाव घातलंत, त्यांना विचारलं होतंत?